खोळ आणि गाभा

म्हशीचं डोकं आठवडाभर पाण्यात राहिलं की शिंगाच्या बुडाशी, कातडी संपते तिथे, एक बारीक फट दिसायला लागते. त्याआधी शिंग ओढण्यात अर्थ नसतो. घाईने हातोडा घातला तर शिंग जागचं हलत नाही आणि कपाळाचं हाड मात्र तडकतं. फट दिसली की एका हाताने कवटी दाबून धरायची, दुसऱ्या हाताने शिंग मधोमध पकडायचं आणि थोडं इकडे, थोडं तिकडे असं पिळत राहायचं. मग ते एकदम सुटतं आणि सबंध हातात येतं, आतून पोकळ. कवटीवर उरतो हाडाचा खडबडीत, भोकाभोकांचा सुळका. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, शिंग मोडलं. मोडलेलं काहीच नसतं. अंगुस्तान बोटावर बसतं तशी शिंगाची खोळ हाडाच्या गाभ्यावर बसलेली असते आणि दोहोंच्या मधला जिवंत पडदा कुजला की ती सुटते.

मुंबईत हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या जपलं गेलं असेल, तर ते परळला. लालबाग-परळची जुनी माणसं ज्याला अजून ‘बैलघोड्यांचं हॉस्पिटल’ म्हणतात, त्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आवारात १८८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. गिरण्यांचा माल ओढणारे बैल आणि ट्रामचे घोडे हे तेव्हाच्या मुंबईचं इंजिन होतं. ट्राम घोड्यांवर चालत होती ती १८७४ पासून १९०५ पर्यंत. इंजिन दुरुस्त करायचं तर ते उघडून पाहिलेलं असावं लागतं. म्हणून शरीररचनाशास्त्राचा विभाग आला, हाडं आली आणि हाडं स्वच्छ करण्याची विद्याही आली.

परदेशात हीच विद्या शिकाऱ्यांच्या अंगणात चालते. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे मारलेल्या जनावराचं मुंडकं कातड्यासकट पेंढा भरून लावण्यापेक्षा नुसती पांढरीशुभ्र कवटी शिंगांसह लाकडी फळीवर बसवण्याची चाल रुळली. तिलाच आज जगभर युरोपीय पद्धत म्हणतात. अमेरिकेत तर शिकारी गॅरेजमध्ये पातेलं चढवून हे घरच्या घरी करतात. आपल्याकडे वन्य जनावराच्या बाबतीत तो सरळ गुन्हा आहे, आणि काळविटाच्या शिकारीच्या गाजलेल्या खटल्यानंतर हे गिरगावातल्या गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. पण कवटीपासून शिंग सोडवण्याची रीत शिकाऱ्याची आणि विद्यार्थ्याची एकच. फरक असतो तो कशासाठी सोडवायचं यात. शिकाऱ्याला खोळ हवी असते. गाभा त्याच्या दृष्टीने निव्वळ घाण, कुजणारी आणि वास मारणारी. विद्यार्थ्याला गाभाच बघायचा असतो. मुंबईतल्या शिंगांची गेल्या दीडशे वर्षांची गोष्ट मला तरी खोळीकडून गाभ्याकडे येण्याची वाटते.

आधी शिंग म्हणजे काय ते पाहू, कारण इथे शिकलेली माणसंही गोंधळतात. गाय, म्हैस, बकरी, गवा, काळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय या सगळ्यांची शिंगं एकाच घडणीची. कपाळाच्या हाडातून वर आलेला गाभा, त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेला पातळ पडदा आणि त्या पडद्याने घडवलेली केराटिनची खोळ. केराटिन म्हणजे आपल्या नखांचा आणि केसांचा पदार्थ. ही खोळ आतून, बुडाकडून वाढते. म्हणून टोक सर्वांत जुनं, जनावर वासरू असतानाचं, आणि बूड सर्वांत ताजं. ही शिंगं जन्मभराची. सांबर, चितळ, भेकर यांचं वेगळं. त्यांच्या डोक्यावर असतं ते निखळ हाड. वाढताना त्यावर मखमली कातडी असते, वाढ पुरी झाली की ती वाळून झडते, आणि पुढे सबंध शिंगच गळून पडतं व नवं उगवतं. जंगलात पडलेली ती शिंगं साळिंदरं कुरतडतात, त्यातल्या कॅल्शियमसाठी. सांबराच्या कवटीवरून शिंग ‘सोडवण्याचा’ प्रश्नच येत नाही. तिथे खोळ नाही, काढायचं तर करवतच लागेल. गेंड्याचं बरोबर उलटं. त्याच्याकडे नुसतं केराटिन, आत गाभा नाही, कवटीवर फक्त एक खरबरीत उंचवटा.

गाभा कपाळातून वर येतो असं मी म्हटलं, पण सुरुवात तशी होत नाही. वासराच्या डोक्यावर शिंगाचा कोंभ आधी कातडीत असतो, बोटाने हलवला तर सरकतो. दोनेक महिन्यांनी तो खालच्या कवटीला चिकटतो आणि पुढे कपाळातली हवेची पोकळी त्याच्यात शिरते. अमेरिकेतल्या मेन विद्यापीठाच्या फ्रँकलिन डव्ह यांनी १९३३ मध्ये याचा छडा लावण्यासाठी एका वासराचे दोन्ही कोंभ कातडीसकट उचलून कपाळाच्या मधोमध शेजारी-शेजारी बसवले. दोन्ही मिळून एकच शिंग उगवलं, सरळ पुढे. दंतकथेतला एकशिंगी प्राणी गोठ्यात तयार झाला. शिंगाचा हुकूम कवटी देत नाही, कातडी देते, हे त्यातून सिद्ध झालं. आज वासराची शिंगं उगवण्याआधीच डागून थांबवतात ती याच आधारावर: कोंभाभोवतीची कातडी जाळली की काम झालं.

आता पाण्यातल्या डोक्याकडे परत. विद्यार्थ्यांसाठी कवटी तयार करायची ती अर्थात पाळीव जनावराची, बहुधा म्हशीची नाहीतर बकरीची. कातडी सोलून काढतात, डोळे, जीभ आणि गालाचं मांस सुरीने जमेल तेवढं उतरवतात. मेंदू मागच्या भोकातून, म्हणजे मणका जिथे कवटीला जोडलेला असतो तिथून, तार फिरवून आणि पाण्याचा जोर मारून बाहेर काढायचा. हे काम चिकाटीचं. मेंदूचा अंश आत राहिला तर पुढे महिनोन् महिने कवटी वास मारते. मग डोकं पाण्यात बुडवून ठेवायचं, शिंगाचं बूड बोटभर पाण्याखाली जाईल असं. शिंगाचा बाकीचा भाग वर राहिला तर बरंच. पाण्यात मीठ नाही, फिनेल नाही, काही नाही. काम करतात ते जंतू, आणि त्यांना मारायचं नसतं. म्हणूनच पाणी रोज बदलायचं नाही. थोडं काढून थोडं नवं घालायचं. थंड देशात याला महिने लागतात आणि पाणी मुद्दाम कोमट ठेवावं लागतं. मुंबईची हवा यासाठी जणू बनवलेलीच आहे. मे महिन्यात म्हशीची खोळ आठ-दहा दिवसांत सैल होते. वासाबद्दल काय लिहावं? तो कपड्यांत बसतो, आणि लोकलमध्ये शेजारच्याने जागा बदलली तर कारण विचारायची गरज पडत नाही.

घाई असलेले लोक उकळतात. उकळणं आणि मंद आचेवर ठेवणं यात मोठा फरक आहे, आणि बहुतेक कवट्या बिघडतात त्या इथेच. खळखळत्या पाण्यात हाडातली चरबी वितळून बाहेर येण्याऐवजी हाडातच मुरते आणि पुढे कवटी पिवळी पडते. नाकाच्या आतली पापडासारखी हाडं विरघळून जातात, दात सुटतात, सांधे उसवतात. शिंगाची खोळ तर मऊ पडून बुडाशी तिचे पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून पाणी वाफाळतं पण न उकळणारं ठेवायचं, त्यात थोडा धुण्याचा सोडा, आणि तासाभराने शिंग पिळून बघायचं. निघालं तर ठीक, नाहीतर पुन्हा पाण्यात. सांबर-चितळाच्या कवटीला नियम आणखी कडक: शिंग पाण्याला लागूच द्यायचं नाही. त्याचा तपकिरी रंग वरवरचा असतो, झाडांच्या सालींवर घासून आणि मातीत लोळून चढलेला. गरम पाण्यात तो उतरतो आणि शिंग खडूसारखं दिसतं. परदेशी शिकारी त्याला प्लॅस्टिक गुंडाळतात.

खोळी काढण्याआधी डावी कोणती, उजवी कोणती, याची खूण करून ठेवावी लागते. म्हशीच्या बाबतीत चूक होणं कठीण, पण काळविटाची शिंगं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असतात, एकाचा पीळ एका बाजूला तर दुसऱ्याचा दुसऱ्या. ती सरळ ओढून येत नाहीत, पिळाच्या दिशेने फिरवत काढावी लागतात. फिरवण्याची दिशा चुकली की माणूस जोर लावतो आणि बारीक गाभा आतच तुटतो.

खोळ निघाल्यावर खरी मेहनत गाभ्याची. गाभ्याला असंख्य बारीक भोकं असतात, जिवंतपणी त्यातून रक्तवाहिन्या जायच्या. त्यात रक्त आणि चरबी अडकून राहते. आत हवेची पोकळी, ती थेट कपाळाच्या पोकळीला जोडलेली. साबणाच्या कोमट पाण्यात आठवडे घालवावे लागतात; पाण्यावर तेलाचा तवंग यायचा थांबला की समजायचं, चरबी गेली. पांढरं करायला केमिस्टकडे मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड पातळ करून वापरतात. ब्लीचिंग पावडर घालणारा माणूस आपल्याच हाताने कवटीचा सत्यानाश करतो. क्लोरीन हाडाला आतून खात राहतं आणि काही वर्षांनी कवटी हात लावताच भुरभुरते. खोळीला पेरॉक्साइडचा थेंबही लागू द्यायचा नसतो, काळं शिंग ठिपक्याठिपक्यांनी पांढरं होतं. ती आतून खरवडून, धुऊन, सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली तर फाकते. अगदी कोरडी होण्याआधी एकदा गाभ्यावर बसवून बघायची, कारण वाळताना ती आकसते आणि मग बसत नाही. घरगुती शिकारी शेवटी ती एम-सीलसारख्या पदार्थाने चिकटवून टाकतात. शिकवणीच्या कवटीत तसं करून चालत नाही. खोळ शंभर वेळा काढायची आणि शंभर वेळा घालायची असते.

आणि मग कसर. केराटिन खाणाऱ्या किड्यांना शिंग म्हणजे मेजवानी. त्यांच्या अळ्या खोळ आणि गाभा यांच्यामधल्या वाळक्या पडद्यापासून सुरुवात करतात, खोळ आतून पोखरतात, आणि बाहेरून पत्ता लागत नाही. दिवाणखान्यातल्या शिंगाखाली बारीक भुसा पडलेला दिसला की उशीर झालेला असतो. जुन्या लोकांनी यावर आर्सेनिकचा साबण फासला. म्हणूनच जुन्या संग्रहातली मुंडकी हातमोजे घातल्याशिवाय हाताळायची नाहीत असा नियम आहे. शंभर वर्षांपूर्वीचं विष अजून तिथेच असतं.

विष फासून शिंगं जपणारी ती माणसं मुंबईत एकत्र आली ती १८८३ मध्ये. १५ सप्टेंबरला भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. आठांतले दोघे मराठी डॉक्टर, आणि दोघांचाही गिरगावाशी संबंध. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, ज्यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन करण्यात पुढाकार घेतला. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणकार. मुंबईच्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली होती. रखमाबाईंचे सावत्र वडील ते हेच. या दोघांना बंदुकीत रस होता असं दिसत नाही. एकाला धर्मसुधारणेची ओढ, दुसऱ्याला पाल्याची आणि मुळांची. पण सोसायटी भरभराटीला आली ती मुख्यतः इंग्रज साहेबांच्या शिकारी नादावर, हे नाकारण्यात हशील नाही.

१८८४ च्या जानेवारीत हर्बर्ट फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्याने फोर्टातल्या फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानाची एक खोली सोसायटीला दिली. पुढे बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटला हललं. पेट्यांमधून वाइन येत होती आणि पेट्यांमधूनच कातडी आणि शिंगं येत होती. साहेब जंगलातून परत येणार, बोट पकडून विलायतेला जाणार आणि मध्ये मुंबईत आपला माल दाखवून जाणार. लंडनमध्ये पिकॅडिलीला रोलंड वॉर्डचं दुकान होतं. १८९२ पासून तो जगभरातल्या शिंगांची मापं छापू लागला आणि मग इंच मोजण्याची चढाओढच लागली. गव्याच्या शिंगाची खोळ जंगलातच काढून घ्यायची, हा त्या काळच्या शिकाऱ्यांचा नेम होता, आणि त्यामागे शास्त्र होतं. भारतातल्या उन्हात खोळ लवकर सैल होते आणि गाभा आत ठेवला तर बोटीवरच्या महिन्याभरात कीड शिंग फस्त करते.

अपोलो स्ट्रीटच्या कचेरीत मानद सचिवाच्या खुर्चीमागे एक धनेश पक्षी राहत होता. विल्यम त्याचं नाव. तो १८९४ मध्ये कारवारहून पिल्लू असताना आला आणि १९२० मध्ये मेला. सोसायटीचं बोधचिन्ह झालेला धनेश आणि तिच्या इमारतीचं हॉर्नबिल हाउस हे नाव, दोन्ही त्याच्यामुळेच. धनेशाच्या चोचीवरचा तो टोपासारखा उंचवटा म्हणजेसुद्धा हलक्या हाडावर केराटिनची खोळच. शिंगांनी भरलेल्या खोलीत ही एकच खोळ जिवंत होती आणि दुपारी फळं मागत होती.

मराठी मुलखातही शिंगांचे दरबार होते. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात पेंढा भरलेल्या जनावरांच्या आणि भिंतीवरच्या मुंडक्यांच्या रांगा आजही पाहायला मिळतात. शाहू महाराजांच्या काळात तिथे पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार होत असे आणि चित्ते सांभाळणारे चित्तेवान दरबारी नोकरीत होते. त्याच महाराजांनी दाजीपूरचं रान शिकारीसाठी राखून ठेवलं, आणि १९५८ मध्ये ते गव्यांसाठी राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. राखीव शिकाररान आणि अभयारण्य यांचं असं नातं अनेक ठिकाणी निघतं. ते काहींना अवघड वाटतं, मला वाटत नाही. ज्याने इतके गवे पाहिले, त्यालाच गवे कमी झालेले आधी कळणार. विजयदुर्गात गव्याच्या शिंगाचे दागिने आणि शोभेच्या वस्तू बनवणारे कारागीर होते, अशी नोंद इंग्रजी गॅझेटियरांमध्ये आहे. ती कला आता गव्यापुरती इतिहासजमा झाली, आणि झाली हे ठीकच.

खेतवाडीचा एक मुलगा या सगळ्याच्या मध्ये उभा राहिला. सालिम अली, जन्म १८९६, मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढलेला. घर शिकारी माणसाचं. १९०८ मध्ये खेळण्यातल्या एअरगनने मारलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीचा पत्ता लावायला तो सोसायटीच्या कचेरीत गेला आणि डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला कपाटं उघडून दाखवली. ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. तिच्या पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही: त्या पोराला तिथे पक्ष्याचं कातडं सोलून जपून ठेवण्याचं काम शिकवण्यात आलं. मारलेल्या पाखराचं मांस फेकून पंख भिंतीला लावण्याऐवजी, कातड्याला चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख लिहायची, आणि कातडं कपाटात ठेवायचं. शिकारी घरातल्या मुलाच्या हाती सुरी तीच राहिली, पण चिठ्ठी आल्यावर तिचं काम बदललं. सोसायटीच्या संग्रहात आज लाखाहून अधिक नमुने आहेत. त्यातल्या कवट्या पाहणारा माणूस शिंगाचे इंच मोजत नाही. तो दात पाहतो, सांधे पाहतो, वय ठरवतो, कुठल्या जंगलातलं जनावर ते वाचतो. चिठ्ठी नसलेलं सर्वांत देखणं शिंग त्याच्या लेखी जवळजवळ निरुपयोगी.

चिठ्ठी नसलेल्या शिंगांचा प्रश्न आता घराघरांत आहे. दादर-हिंदू कॉलनीतल्या जुन्या बंगल्यांत, गिरगावातल्या वाड्यांत, कोकणातल्या घरांच्या पडवीत सांबराचं एखादं शिंग असतंच. आजोबांच्या छत्रीला ते खुंटी म्हणून उपयोगी पडायचं. आमच्याकडे तर त्याचा तुकडा औषधाच्या डब्यात होता. छातीत दुखलं, कफ दाटला की आजी सहाणेवर सांबरशिंग उगाळायची आणि कोमट लेप लावायची. लेपाने बरं वाटायचं की तिच्या हाताने, ते ठरवायची माझी तयारी नाही. पण आज तो तुकडा घरात असणं म्हणजे काय, हे आजीला कुणी सांगितलं असतं तर तिने सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिंग, कवटी, कातडं यांची गणना ‘ट्रॉफी’त होते आणि ती बाळगायला मालकीचा दाखला लागतो. २००३ मध्ये सरकारने ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांना जाहीर करण्यासाठी १८० दिवसांची मुभा दिली. बहुतेक घरांना ही मुभा आली आणि गेली याची खबरही लागली नाही. दाखला असला तरी वस्तू विकता येत नाही. वारशाने मिळाली तर वारसाने ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे कळवायचं असतं. २०२२ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट काढली, दाखला असलेल्याने वस्तू आपणहून सरकारजमा करायची, मोबदला मात्र मिळणार नाही. जंगलात आपोआप गळून पडलेलं सांबरशिंगही याला अपवाद नाही. मोराचं गळलेलं पीस चालतं, सांबराचं गळलेलं शिंग चालत नाही. लोकांना हे अन्यायाचं वाटतं, पण गळलेलं शिंग आणि कापून आणलेलं शिंग बाजारात ओळखणार कोण? बुडाशी पाहिलं तर तज्ज्ञाला कळतं, गळलेल्याचं बूड बहिर्गोल आणि खरखरीत असतं, कापलेल्याला करवतीची सपाटी असते किंवा कवटीचा तुकडा लागून आलेला असतो. पण तज्ज्ञ प्रत्येक दुकानात बसवता येत नाही.

चोरबाजारात एके काळी मुंडकी उघड्यावर मिळत. आता मिळतात त्या रेझिनच्या आणि फायबरच्या नकला. मालिकांच्या सेटवर जमीनदाराच्या हवेलीच्या भिंतीला त्याच लागतात. नीट पाहिलं तर कुठे हरणाच्या तोंडावर बैलाचं शिंग असतं, कुठे दोन्ही शिंगांचा पीळ एकाच बाजूला. एकच साचा दोनदा वापरला की असं होतं. काळविटाच्या कवटीवर एकदा हात फिरवलेला माणूस ही चूक करणार नाही.

परळचे गणपतीचे मूर्तिकारही ही चूक करणार नाहीत असं मला वाटतं, आणि याच हातांची विद्या टॅक्सिडर्मीला लागते. आज कातड्यात पेंढा भरत नाहीत. आत जनावराचा हुबेहूब पुतळा घडवतात, त्यावर कातडं चढवतात. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांनी ही विद्या बरीचशी स्वतःची स्वतः कमावली. त्यांच्या डोक्यात हे वेड शिरलं ते फोर्टातल्या संग्रहालयातला, पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्समधला, प्राण्यांचा विभाग पाहून. स्नायू कुठे सुरू होतो, कुठे संपतो, खांद्याचं हाड कातडीखाली कसं उठतं, हे शरीररचनेच्या माणसाला मुखोद्गत असतं; जुन्या शिकारी दुकानदाराला ते अंदाजाने करावं लागे. २००९ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झालं ते त्यांच्या कामावर. तिथे येतात ती नैसर्गिकरीत्या मेलेली जनावरं, प्राणिसंग्रहालयांतून, वनखात्याच्या परवानगीने, आणि तयार होऊन जातात ती शिकवण्यासाठी आणि दाखवण्यासाठी. खाजगी दिवाणखान्यासाठी तिथे काही होत नाही. मेलेल्या जनावराची डोक्यापासून शेपटीपर्यंतची मापं आधी घेतली जातात, कारण कातडं काढल्यावर जनावर किती लांब होतं हे कातडं सांगत नाही.

जिवंत जनावराच्या शिंगाशी मात्र पशुवैद्याचा रोजचा संबंध. बैलांची टक्कर झाली, गोठ्याच्या दाराला शिंग अडकलं की कधी खोळ उपसून निघते आणि आतला रक्ताळलेला गाभा उघडा पडतो. मालक घाबरून जातो. जखम धुऊन, मलमपट्टी करून माशा बसू दिल्या नाहीत तर पडद्यातून नवी खोळ धरते, वेडीवाकडी का होईना. खरी भीती शिंगाच्या कर्करोगाची. भारतातल्या बैलांमध्ये हा रोग इतर देशांच्या मानाने फार दिसतो, आणि गायींपेक्षा बैलांत जास्त, साधारण पाच ते दहा वर्षांच्या कामाच्या वयात. जुवाचे धक्के, दोरीचा काच, शिंगं साळणं, रंगवणं, खच्चीकरणामुळे झालेला संप्रेरकांचा बदल, अशी अनेक कारणं संशयितांच्या यादीत आहेत. गाठ धरते ती गाभ्यातल्या पोकळीच्या अस्तराला, म्हणजे बाहेरून दिसतच नाही. बैल डोकं झटकतो, एका बाजूला कलतं धरतो, शिंग भिंतीला घासतो. त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं, कारण शिंगाची पोकळी कपाळातून नाकाला जोडलेली आहे. शेवटी शिंग बुडाशी मऊ पडून लोंबायला लागतं. कवटीतली ती पोकळी ज्याने मोकळी करून पाहिली आहे, त्याला नाकातल्या रक्तावरून शिंगाचा संशय येतो. इतर जण नाकाला औषध घालत बसतात.

उपाय म्हणजे शिंग बुडापासून काढणं. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड यांच्या मध्ये हाडाची एक कड हाताला लागते. तिच्या खालून शिंगाची नस जाते. तिथे बधिर करणारं इंजेक्शन दिलं की शिंगाला वेदना पोहोचत नाही. मग बुडाभोवतीची कातडी सोडवून दोन बाजूंना पदर करायचे, तारेच्या करवतीने गाभा कवटीलगत कापायचा, रोगट अस्तर खरवडायचं, रक्त थांबवायचं आणि कातडीचे पदर कपाळाच्या उघड्या भोकावर ओढून शिवायचे. शिवण उसवली तर भोकात माशा अंडी घालतात आणि किडे पडतात, म्हणून टाके निघेपर्यंत पट्टी रोज पाहावी लागते. बरा झालेला बैल औताला चालतो. आपल्याकडे जू वशिंडापुढे मानेवर बसतं, युरोपातल्या काही भागांसारखं शिंगांना बांधत नाहीत. बाजारात मात्र एका शिंगाच्या बैलाची किंमत पडते, आणि मालक ऑपरेशनच्या टेबलाशी डॉक्टरला विचारतो तो प्रश्न बहुधा किमतीचाच असतो.